देव मोहात पाडतो का? याकोब १:१३ आणि देवाचा स्वभाव

जैतून

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस,’ म्हणजे मोहाच्या प्रसंगात. बायबलच्या नव्या करारात याकोब मात्र आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ठणकावून सांगतो की मोहात सापडलेल्या माणसाने ‘देवाने मला मोहात घातलं’ असं म्हणू नये. देवाला वाईटाचा मोह होत नाही आणि तो कोणाला मोहात पाडतही नाही. मग देव जे करतच नाही, ते करू नकोस अशी विनवणी कशासाठी?

वरवर पाहता हा शास्त्रपाठाच्या वर्गातला कूटप्रश्न वाटतो. मला तो तसा वाटत नाही. मोहाविषयी आपण जे मानतो, ते शेवटी देव कसा आहे याविषयी आपण जे मानतो त्यातूनच येतं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय काढून बघा. देवाने मना केलेल्या फळाचं वर्णन सर्प करत नाही. ‘हे फळ गोड आहे’ असं तो एकदाही म्हणत नाही. तो देवाबद्दल बोलतो. आधी विचारतो, देवाने खरंच असं सांगितलं का? मग म्हणतो, तुम्ही मरणार नाही. तुमचे डोळे उघडतील, तुम्ही देवासारखे व्हाल, हे देवाला ठाऊक आहे. म्हणजे देव तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवतोय, त्याचा हात आखडता आहे. एवढा संशय मनात रुजल्यावरच हव्वेला ते झाड खायला चांगलं, डोळ्यांना मोहक आणि शहाणपण देणारं दिसू लागतं. हात पुढे होतो तो त्यानंतर.

आणि पाप घडल्यावर आदाम काय म्हणतो? ‘जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस, तिने मला फळ दिलं.’ बोट स्त्रीकडे आहे, पण वाक्याचा रोख देवाकडे आहे. तू दिलीस. याकोब नेमकी हीच पळवाट बंद करतो. तो सांगतो, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो. वासना गर्भ धारण करून पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरणाला. लगेच पुढे तो म्हणतो की प्रत्येक उत्तम दान वरून, ज्योतींच्या पित्याकडून येतं, आणि त्याच्यात बदल नाही, फिरण्याने पडणारी सावली नाही. देव दाता आहे, हेच सर्पाने नाकारलं होतं. याकोब तेच परत सांगतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मोहाचा पहिला वार आपल्या देहावर नसतो, देवाच्या चांगुलपणावरच्या आपल्या भरवशावर असतो. आणि देवाला मोह होऊ शकत नाही, कारण त्याला कशाची उणीव नाही. मोहाला शिरायला फट लागते. कमतरता, भीती, भूक, हेवा. देव पूर्ण आहे. म्हणूनच तो दुसऱ्याला पाडूही शकत नाही. आपल्या पडण्यातून त्याला मिळवायचं काय आहे?

आता प्रार्थनेतली ती ओळ. मला ती अशक्त माणसाची प्रामाणिक कबुली वाटते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना हेच सांगितलं, जागे राहा, मोहात पडू नये म्हणून प्रार्थना करा; आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने ही प्रार्थना केली नाही, तो झोपला. ‘मी तुला कधीच नाकारणार नाही’ हे मात्र त्याने आधीच छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणणारा माणूस असली हमी देत नाही.

इतरांचं वाचायला आवडेल, विशेषतः जिथे पटत नाही तिथे.

वाचनवेडी

सुंदर लिहिलंय. सर्प फळाबद्दल बोलतच नाही, हे इतक्या वेळा वाचूनही लक्षात आलं नव्हतं.

साधा_प्रश्न

मी ख्रिस्ती नाही, पण बायबल बऱ्यापैकी वाचलं आहे. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की देवाने अब्राहामाची परीक्षा पाहिली, आणि तीही पोटच्या मुलाचा बळी मागून. दावीद राजाने केलेल्या शिरगणतीचं, म्हणजे लोकांच्या मोजणीचं, तर विचारूच नका. २ शमुवेल २४ म्हणतं, देवाच्या कोपाने दाविदाला चिथावलं. तीच गोष्ट सांगताना १ इतिहास २१ म्हणतं, सैतानाने चिथावलं. मग देव आणि सैतान यांच्यात फरक तो काय? याकोबाचं वाक्य या गोष्टींना झाकण घालण्यासाठी लिहिलंय असं वाटतं. राग नसावा.

जैतून

@साधा_प्रश्न, राग कसला! हे प्रश्न मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, जास्त मोठ्याने विचारले जायला हवेत.

अब्राहामापासून सुरू करतो. परीक्षा घेणं आणि मोहात पाडणं यांत बाहेरून दिसणारा प्रसंग एकच असू शकतो. फरक हेतूत असतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की देवाने तुम्हांला चाळीस वर्षं रानात चालवलं, नम्र केलं, पारखलं, आणि हे सगळं शेवटी तुमचं भलं व्हावं म्हणून. मोहात पाडणाऱ्याला तुम्ही पडायला हवे असता. पारखणाऱ्याला तुम्ही उभे राहायला हवे असता. मोरिया डोंगरावरचा प्रसंग भयंकर आहे आणि त्याची धार मी बोथट करणार नाही, पण तिथे सुरी थांबवणारा देवच आहे, आणि झुडपात अडकलेला एडकाही त्यानेच पुरवला आहे.

शिरगणतीचा प्रश्न जास्त अवघड. दोन्ही पुस्तकांमध्ये मोठं अंतर आहे. इतिहासाची पुस्तकं यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर लिहिली गेली, आणि तोवर ‘जे काही घडतं ते देवाच्या हाताबाहेर नाही’ या जुन्या ठाम विधानाबरोबरच ‘वाईटाची चिथावणी दुसराच कोणी देतो’ हेही स्पष्टपणे म्हणण्याची गरज लोकांना जाणवू लागली होती. मी दोन्ही वाक्यं एकत्र वाचतो. पहिलं सांगतं की सत्ता देवाची. दुसरं सांगतं की दुष्टपणा त्याचा नाही. यातलं एक सोडलं तर अडचण होते: पहिलं सोडलं तर जगात दोन देव उरतात, दुसरं सोडलं तर एकच देव उरतो आणि तो चांगला नसतो. आणि दाविदाने स्वतः काय केलं पाहा. त्याचा सेनापती यवाब याने आधी त्याला टोकलं होतं, ते त्याने ऐकलं नाही. नंतर तो म्हणतो, ‘मी मोठं पाप केलं आहे.’ देवाने चिथावलं, सैतानाने चिथावलं, यातलं काहीही तो म्हणत नाही.

ज्याला भावांनी विकलं होतं त्या योसेफाने भावांना दिलेलं उत्तर मला इथे आधार देतं: तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. प्रसंग एक, हेतू दोन.

साधा_प्रश्न

योसेफाचं उदाहरण पटलं. शिरगणतीचं अर्धंच पटलं, कारण तिथे सत्तर हजार माणसं मेली, आणि शिरगणतीचा हुकूम त्यांनी दिला नव्हता. अजून एक: निर्दोष असून संकटं सोसणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, देव सैतानाला म्हणतो, तू मला त्याच्याविरुद्ध विनाकारण चिथावलंस. देवालाच चिथावता येत असेल तर ‘देवाला मोह होत नाही’ याचं काय?

जैतून

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी गुळगुळीत उत्तर देणार नाही. ईयोबाची सुरुवात स्वर्गातल्या दरबाराच्या रूपात मांडलेली आहे. तिथे देव राजासारखा बोलतो, विचारतो, परवानगी देतो. त्या वाक्यातला माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘विनाकारण’ हा आहे. ईयोबावर आलेलं त्याच्या पापाचं फळ नव्हतं, हे देव स्वतःच्या तोंडाने मान्य करतो. ईयोबाचे मित्र पुढे कित्येक अध्याय याच्या उलट सांगत राहतात, आणि शेवटी देव त्यांनाच दोषी ठरवतो.

सैतानाचा मूळ आरोप ईयोबावर आहे तसा देवावरही आहे: ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो? म्हणजे देवावर कोणी देवासाठी प्रेम करत नाही, मिळकतीसाठी करतं. पुन्हा देवाच्या स्वभावावरच घाव. या चिथावणीने देवाच्या मनात ईयोबाबद्दल वाईट इच्छा निर्माण होत नाही. याकोब जे नाकारतो ते हे आहे. पण देव हे होऊ देतो, आणि का होऊ देतो याचं उत्तर ईयोबालाही पुस्तकाच्या शेवटापर्यंत मिळत नाही. सत्तर हजारांबद्दल माझ्याकडेही ते नाही.

मुक्तछंद

मला दुसऱ्या बाजूने विचारायचं आहे. देवाला मोह होत नाही. येशू देव आहे. येशूला मोह झाला. ही तीन वाक्यं एकत्र कशी बसतात? इब्री लोकांस पत्र (४:१५) म्हणतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. पण त्याच्यात पापाची ओढच नसेल तर त्याचा मोह आणि माझा मोह एकच कसा? मला तर आतून ओढ असते. माझा सगळा त्रासच तो आहे.

प्राजक्त

@मुक्तछंद, या प्रश्नावर मंडळीने कित्येक शतकं विचार केला आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगते.

४५१ साली कॅल्सेडनच्या धर्मसभेने म्हटलं की ख्रिस्त एक व्यक्ती आहे, पण त्याचे स्वभाव दोन: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, मिसळ न होता आणि वेगळे न पडता. म्हणजे भूक लागली ती देवाच्या पुत्रालाच लागली, पण त्याच्या मनुष्यस्वभावात लागली. पुढे सातव्या शतकात काहींनी तडजोड सुचवली: स्वभाव दोन असू देत, पण इच्छा एकच, दैवी. राजकीयदृष्ट्या ते सोयीचं होतं, सम्राटाला साम्राज्यात एकी हवी होती. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने याला विरोध केला. त्याचा आधार गेथशेमाने बाग होती. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं येशू म्हणतो, तर त्याला स्वतःची मानवी इच्छा असलीच पाहिजे. नाहीतर ती प्रार्थना म्हणजे देखावा ठरते. आणि मानवी इच्छाच नसेल तर आपली इच्छा बरी कशी होणार?

या मतासाठी ६६२ साली मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात कापून त्याला काळ्या समुद्राच्या पूर्वेला हद्दपार केलं. त्याच वर्षी तो वारला. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने दोन इच्छांची शिकवण मान्य केली. ज्या माणसाने येशूच्या मोहाचा खरेपणा जपण्यासाठी जीभ गमावली, त्याचं नाव आपल्या उपासनांत फारसं ऐकू येत नाही, याची मला खंत वाटते.

मॅक्सिमसच्या विचारातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मरणापासून मागे सरणं हे पाप नाही, तो देहाचा निर्मळ स्वभाव आहे. येशूला जे जाणवलं ते हे. वाईटाची ओढ नव्हे.

जैतून

@प्राजक्त, फार मोलाचा प्रतिसाद. त्याला एक जोड देतो.

सैतानाने रानात येशूपुढे ठेवलेले तीन मोह बघा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भाकर मागणं वाईट आहे का? पित्याने सांभाळावं असं वाटणं वाईट आहे का? जगाच्या राज्यांवर ख्रिस्ताची सत्ता यावी हे तर देवाच्याच मनात आहे. तिन्ही गोष्टी चांगल्या. वाईट होता तो रस्ता: पित्यावाचून मिळवायच्या, पित्याला पेचात धरून मिळवायच्या, दुसऱ्यासमोर वाकून मिळवायच्या. आदाम आणि हव्वा यांच्यातही तेव्हा भ्रष्ट ओढ नव्हती, तरी मोह खरा होता. म्हणजे मोह खरा ठरायला आत कीड असावीच लागते असं नाही. खरी गरज आणि खोटा रस्ता एवढं पुरतं.

सैतान रानातही सुरुवात कुठून करतो? ‘तू देवाचा पुत्र असशील तर.’ त्याच्या आदल्याच अध्यायात यार्देन नदीवर पित्याने सांगितलेलं असतं, ‘हा माझा प्रिय पुत्र.’ त्या शब्दावरच संशय टाकायचा. दुसऱ्या मोहात तर तो ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो. शास्त्रवचन तोंडी असणं ही सुरक्षिततेची खूण नाही. येशू तिन्ही वेळा अनुवादच्या पुस्तकातून उत्तर देतो, आठव्या आणि सहाव्या अध्यायातून. इस्राएल चाळीस वर्षं रानात जिथे जिथे अडखळला, तिथे तो उभा राहतो. आणि पुढे वधस्तंभाखाली लोक पुन्हा तेच वाक्य उच्चारतात: देवाचा पुत्र असशील तर खाली उतर.

‘त्याचा मोह माझ्यापेक्षा सोपा होता’ हे मला मान्य नाही. ओझं पहिल्या पायरीवरच खाली ठेवणाऱ्याला त्याचं सगळं वजन कळत नाही. ते कळतं शेवटपर्यंत वाहणाऱ्याला. आपण बहुतेक वेळा लवकर हार मानतो, म्हणून मोहाचा सगळा जोर आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचला.

निळी_शाई

येशू पाप करूच शकत नव्हता की करू शकत असून केलं नाही? आमच्या तरुण संघात यावर जोरदार वाद झाला होता.

प्राजक्त

@निळी_शाई, नावाजलेले लोक यावर दोन्ही बाजूंना आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स हॉज यांनी म्हटलं की पापाची शक्यताच नसेल तर मोह खरा नाही. त्यांच्याच प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट) परंपरेतले विल्यम शेड म्हणाले, तो व्यक्ती म्हणून देवाचा पुत्र आहे, त्याच्या हातून पाप होणं शक्य नव्हतं, तरी मोह खरा होता. मंडळीच्या मुख्य प्रवाहाचा कल दुसऱ्या मताकडे राहिला आहे, माझाही. ‘पडण्याची शक्यता’ हा मोहाच्या खरेपणाचा निकष नाही. जाणवलेला ताण हा निकष आहे. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक सांगतो.

गव्हाचा_दाणा

सगळं वाचतोय. एक वैयक्तिक प्रश्न विचारू का? माझ्या मनात नको ते विचार येतात, प्रार्थनेच्या वेळीसुद्धा. कोणी म्हणतं, विचार आला म्हणजे पाप झालं. येशूनेच म्हटलंय ना, की वासनेने पाहिलं तर मनात व्यभिचार झालाच. मग मी तर दिवसभर पापातच असतो. देवासमोर उभं राहायची लाज वाटते.

जैतून

@गव्हाचा_दाणा, विचारलंत हे फार चांगलं केलंत. नीट सांगतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या रानात राहणाऱ्या इव्हाग्रियसने माणसाला छळणारे आठ प्रकारचे विचार मांडले: खादाडपणा, लैंगिक वासना, धनलोभ, उदासी, राग, कंटाळून सुटणारा धीर, पोकळ मोठेपणा आणि गर्व. तो अनुभवाने म्हणाला की हे विचार आपल्याला छळतात की नाही, हे आपल्या हातात नाही. ते आपल्यात मुक्काम करतात की नाही, हे आपल्या हातात आहे. मंडळीचा जुना धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याने पापाच्या तीन पायऱ्या दाखवल्या: सूचना, तिच्यात वाटणारी गोडी, आणि संमती. येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ज्याच्याबद्दल बोलतो, तो वासना धरून स्त्रीकडे बघत राहणारा माणूस आहे. तिथे संमती आलेली आहे. मनावर चाल करून आलेल्या विचाराला नको म्हणणारा माणूस तो नव्हे.

मधल्या पायरीवर मंडळ्यांत मतभेद आहे, तो लपवत नाही. १५४६ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने म्हटलं, बाप्तिस्म्यानंतर उरणारी ओढ पापातून येते आणि पापाकडे नेते, पण संमती न देणाऱ्याला ती अपाय करत नाही. ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या परंपरेने १५३०च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्यात, जन्मजात ओढीलाही पापच म्हटलं. पण त्यांचा विश्वास असा की ख्रिस्तामुळे तिचा दोष विश्वासणाऱ्याच्या माथी लावला जात नाही. म्हणजे दोन्हीकडे तुमच्यासाठी निष्कर्ष एकच निघतो: ओढ जाणवली म्हणून देवापासून पळू नका.

आणि ती लाज. पाप केल्यावर आदाम झाडांमागे लपला. देव मात्र त्याला हाका मारत बागेत फिरत होता. इब्री पत्राचा लेखक ‘तो पारखला गेला’ एवढ्यावर थांबत नाही. पुढच्याच वचनात तो म्हणतो, म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. धैर्याने, आणि तेही ऐन गरजेच्या वेळी मदत मिळावी म्हणून. मोहाच्या ऐन क्षणी, विचार मनात घोंघावत असतानाच प्रार्थना करा. मन स्वच्छ होण्याची वाट बघू नका.

हे विचार इतके सतत येत असतील की झोप-जेवण सुटतंय, एकच प्रार्थना चुकली म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावी लागतेय, तर पाळकांबरोबर डॉक्टरांशीही बोला. त्यात विश्वासाची उणीव नाही.

गव्हाचा_दाणा

मनापासून धन्यवाद. त्या पुढच्या वचनाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

वाचनवेडी

एक शेवटचं. पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १०:१३. माझी बहीण गेली तेव्हा अनेकांनी मला हे वचन ऐकवलं, ‘देव सोसवेल तेवढंच दुःख देतो.’ मला ते सोसवत नव्हतं. मग वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे, किंवा देवाचा अंदाज चुकला.

जैतून

वाचनवेडीताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. ते वचन असं वापरलं गेलं याचा मला रागही आला.

पौल तिथे दुःखाच्या मापाबद्दल बोलत नाही. दहावा अध्याय सुरुवातीपासून वाचा: सोन्याचं वासरू, व्यभिचार, कुरकुर, परमेश्वराची परीक्षा पाहणं. विषय आहे पापाचा मोह. त्याच्या आधीचं वचन म्हणतं, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून सांभाळावं. नंतरचं म्हणतं, मूर्तिपूजेपासून पळा. मधे तो धीर देतो की देव विश्वासू आहे, पाप करण्यावाचून इलाजच उरला नाही अशी वेळ तो येऊ देणार नाही, वाट ठेवेल. ‘सोसवेल तेवढंच दुःख’ हे त्यात कुठेही नाही.

उलट त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल स्वतःबद्दल लिहितो की आशियात आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा उरली नाही. शक्तीपलीकडचं. प्रेषिताने हे लिहून ठेवलं आहे. तुम्हांला सोसवत नव्हतं यात तुमची उणीव नव्हती, आणि ते दुःख देवाने तुमची ताकद मोजून पाठवलं होतं असंही नाही. मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला आम्ही त्यातूनच शिकलो, असं पौल पुढे म्हणतो. तिथपर्यंत पोहोचायला त्याला किती काळ लागला, हे तो सांगत नाही. तुम्हीही घाई करू नका.